लांबी जोडणारा, रुंदी तोडणारा रस्ता

एखाद्या शहराचा इतिहास त्याच्या नदीवरून, किल्ल्यावरून अथवा बंदरावरून सांगितला जातो. दुबईचा गेल्या साडेचार दशकांचा इतिहास मात्र एका रस्त्यावरून सांगता येतो. सौदी अरेबियाच्या सीमेपासून निघून समुद्रकिनाऱ्याच्या कडेने रास अल खैमापर्यंत जाणारा, पाचशे किलोमीटरहून अधिक लांबीचा ‘ई-११’ हा संयुक्त अरब अमिरातीचा कणा. त्याचा दुबईच्या हद्दीतील भाग म्हणजे शेख झायेद रोड. दोन्ही बाजूंना काचेच्या मनोऱ्यांच्या भिंती आणि त्यांच्या मधून वाहणारा गाड्यांचा लोंढा हे त्याचे छायाचित्र जगभर पोहोचले आहे. ‘रस्ते असावेत तर असे’ हा उद्गार महाराष्ट्रातही वारंवार ऐकू येतो. परंतु या रस्त्याची खरी कहाणी त्या छायाचित्रात दिसत नाही. जितका रस्ता रुंद होत गेला तितकी वाहने वाढत गेली आणि अखेर तो बांधणाऱ्या राज्यकर्त्यांनाच रुंदीकरणापलीकडचे उपाय शोधावे लागले, ही ती कहाणी आहे.

मूळ दुबई खाडीच्या काठावरचे गाव होते. एका तीरावर देरा, दुसऱ्या तीरावर बर दुबई आणि दोहोंमध्ये ‘अब्रा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होड्या, एवढाच त्याचा विस्तार. व्यवहार मुंबईशी होता आणि १९६६ पर्यंत चलनही भारतीय रुपयाच होते. १९५९ पासून भारतीय रिझर्व्ह बँक आखाती प्रदेशासाठी स्वतंत्र नोटा छापत असे. खाडीवरचा पहिला पूल, अल मक्तुम पूल, १९६३ मध्ये झाला आणि सुरुवातीला त्यावर पथकर घेतला जाई. तीन वर्षांनी, १९६६ मध्ये, समुद्रात तेल सापडले. मात्र दुबईचे तेल अबुधाबीच्या तुलनेत अत्यल्प आहे, याची जाणीव तत्कालीन शासक शेख रशीद यांना होती. तेलाचा पैसा संपण्यापूर्वी त्यातून बंदरे, विमानतळ आणि रस्ते उभे करायचे, हे त्यांचे सूत्र होते.

अबुधाबीकडे जाणारा महामार्ग या सूत्राचाच भाग. २ डिसेंबर १९७१ रोजी अमिरातींचे संघराज्य अस्तित्वात आले आणि त्या दशकात हा रस्ता आकाराला आला. तेव्हा त्याचे नाव होते डिफेन्स रोड. आज बुर्ज खलिफाजवळ जो पहिला इंटरचेंज आहे, तेथे डिफेन्स राउंडअबाउट नावाचा वर्तुळाकार चौक होता. पुढे रस्त्याला अबुधाबीचे शासक आणि संघराज्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष शेख झायेद यांचे नाव देण्यात आले. दुबईने आपल्या सर्वांत महत्त्वाच्या रस्त्याला शेजारच्या अमिरातीच्या शासकाचे नाव द्यावे, यात संघराज्याच्या ऐक्याचा राजकीय संकेत होताच.

१९७९ मध्ये या रस्त्याच्या तोंडाशी ३९ मजल्यांचे दुबई वर्ल्ड ट्रेड सेंटर उभे राहिले. त्याचे उद्घाटन ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते झाले. शहरापासून दूर, वाळूत एकटी उभी असलेली ही इमारत त्या काळी अनेकांना अनाठायी वाटली. पुढे तिला शंभर दिरहॅमच्या नोटेवर स्थान मिळाले. त्याच वर्षी खाडीपासून सुमारे ३५ किलोमीटर दूर जबल अली बंदर सुरू झाले आणि १९८५ मध्ये त्यालगत मुक्त व्यापार क्षेत्र आले. एका टोकाला जुने शहर, दुसऱ्या टोकाला नवे बंदर आणि मध्ये सरळ रस्ता! दुबईचे पुढचे सगळे भवितव्य या तीन गोष्टींनी निश्चित केले.

शहरे साधारणतः केंद्राभोवती पसरतात. दुबई या रस्त्याभोवती, सूत कातल्याप्रमाणे लांबत गेली. १९९३ ते १९९८ या काळात रस्त्याचे मोठे रुंदीकरण झाले आणि त्यापाठोपाठ मनोऱ्यांची रांग लागली. एमिरेट्स टॉवर्स २००० मध्ये पूर्ण झाले. माहिती तंत्रज्ञान आणि प्रसारमाध्यमांसाठीची मुक्त क्षेत्रे, मरिना, २००५ मधील मॉल ऑफ दि एमिरेट्स, २००८ मधील दुबई मॉल आणि २०१० मध्ये खुला झालेला ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा हे सारे याच दोऱ्यात ओवलेले मणी आहेत. परदेशी नागरिकांना ठरावीक भागांत घरमालकीची मुभा मिळाल्यानंतर या जमिनींचे मोल आणखी वाढले. १९७५ मध्ये दोन लाखांहून कमी लोकसंख्या असलेले शहर २००६ मध्ये १४ लाखांवर आणि २०२४ च्या अखेरीस ३८ लाखांच्या पुढे गेले.

दोऱ्यासारख्या शहराचा एक अंगभूत दोष असतो. केंद्राभोवती वाढलेल्या शहरात घरापासून कचेरीकडे जाण्याचे अनेक मार्ग असतात. एक तुंबला तर दुसरा हाताशी असतो. येथे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळवंट आणि लांबचा जवळजवळ प्रत्येक प्रवास त्याच पट्ट्यातून. घरे एकीकडे आणि नोकऱ्या दुसरीकडे असल्या, की सकाळी सगळे एका दिशेने आणि सायंकाळी सगळे उलट दिशेने निघतात. शिवाय जमीन उपयोगानुसार वेगळी केलेली. हे माध्यमांचे ‘शहर’, ते इंटरनेटचे ‘शहर’, पलीकडे निवासी वसाहत. परिणामी पायी उरकावी अशी कामेही मोटारीच्या स्वाधीन झाली.

यावर पहिला उपाय योजला गेला तो जगभर योजला जातो तोच. आणखी रस्ते. शेख झायेद रोडला समांतर, वाळवंटाच्या बाजूने, ‘ई-३११’ हा मार्ग बांधण्यात आला. त्याला एमिरेट्स रोड म्हणत. शहराबाहेरून जाणाऱ्या वाहनांनी आत येऊ नये, हा त्याचा हेतू. पण रस्ता आला तशा त्याच्या कडेला वसाहती आल्या आणि बाहेरचा रस्ता शहराच्या आतला झाला. मग त्याच्याही बाहेर ‘ई-६११’ हा बाह्यवळण मार्ग आला. जानेवारी २०१३ मध्ये ‘ई-३११’ ला शेख मोहम्मद बिन झायेद यांचे नाव देण्यात आले आणि एमिरेट्स रोड हे नाव बाहेरच्या ‘ई-६११’ कडे गेले. बारा वर्षांनी, २०२५ मध्ये, त्या नव्या एमिरेट्स रोडच्याही कोंडीने गाठलेल्या भागाच्या रुंदीकरणासाठी ७५ कोटी दिरहॅमची योजना जाहीर करावी लागली. रस्त्याचे नाव एकेक घर बाहेर सरकत गेले आणि कोंडीही त्याच्यामागून चालत गेली.

यात दुबईच्या अभियंत्यांची अकुशलता नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच हा नियम मांडला होता. शहरातील द्रुतगती मार्ग रुंद केला की इतर मार्गांनी जाणारे, इतर वेळी निघणारे आणि बस वा रेल्वेने जाणारे प्रवासी त्याकडे वळतात आणि गर्दीच्या वेळची कोंडी जुन्या पातळीवर परतते. दुबईत याला आणखी दोन गोष्टींची जोड मिळाली. एक म्हणजे इंधन दीर्घकाळ सरकारी नियंत्रणामुळे स्वस्त राहिले. त्याचे दर बाजाराशी जोडले गेले ते ऑगस्ट २०१५ मध्ये. दुसरी म्हणजे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जात असल्याने वातानुकूलित मोटार ही चैन न राहता गरज बनली.

या पार्श्वभूमीवर २००५ ते २००९ या काळातील निर्णय महत्त्वाचे ठरतात. २००५ मध्ये रस्ते व वाहतूक प्राधिकरण, अर्थात ‘आरटीए’, स्थापन झाले आणि रस्ते, बस, टॅक्सी व मेट्रो एका छताखाली आले. १ जुलै २००७ रोजी ‘सालिक’ ही पथकर योजना सुरू झाली. या अरबी शब्दाचा अर्थ ‘मोकळा’. खाडीवरील गरहुद पूल आणि शेख झायेद रोडवरील अल बरशा येथे कमानी उभ्या राहिल्या. खालून गाडी गेली की काचेवरील चिठ्ठी वाचून खात्यातून चार दिरहॅम आपोआप वळते होत. बूथ नाही, रांग नाही. पुढे ९ सप्टेंबर २००९ रोजी मेट्रोची रेड लाइन धावू लागली. सुमारे ५२ किलोमीटरची ही मार्गिका शेख झायेद रोडला खेटून, बहुतांशी उन्नत मार्गावरून जाते. कोंडीचे उत्तर कोंडीच्या जागीच उभे करण्यात आले.

त्याचे फळ मिळाले, हे मान्य करावे लागेल. ‘आरटीए’च्या आकडेवारीनुसार २००६ मध्ये दुबईतील प्रवासांत सार्वजनिक वाहतुकीचा वाटा अवघा सहा टक्के होता, २०२४ मध्ये तो २१.६ टक्क्यांवर पोहोचला. त्या वर्षात मेट्रोने सुमारे साडेसत्तावीस कोटी प्रवासी वाहून नेले. ‘मोटारीच्या देशात रेल्वेत कोण बसणार’ हा प्रश्न १५ वर्षांत निकालात निघाला. मात्र याच आकड्याची दुसरी बाजू अशी, की उरलेले जवळपास चार पंचमांश प्रवास अद्याप सार्वजनिक वाहतुकीबाहेर आहेत. लोकसंख्या वाढत असताना टक्केवारी सुधारली, तरी रस्त्यावरील गाड्यांची प्रत्यक्ष संख्या वाढतच राहते. संघराज्याचे ऊर्जा व पायाभूत सुविधा मंत्री सुहैल अल मझरूई यांनी २०२५ मध्ये संघीय राष्ट्रीय परिषदेत दिलेल्या माहितीनुसार देशातील वाहनसंख्या वर्षाला आठ टक्क्यांहून अधिक दराने वाढत होती. जागतिक सरासरी दोन टक्क्यांच्या घरात आहे.

म्हणूनच २०२४-२५ मध्ये पथकराचे हत्यार पुन्हा परजण्यात आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिझनेस बे आणि अल सफा दक्षिण येथे नव्या कमानी सुरू होऊन एकूण संख्या दहा झाली. ३१ जानेवारी २०२५ पासून दर वेळेनुसार बदलू लागले. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते १० आणि दुपारी ४ ते रात्री ८ या वेळांत सहा दिरहॅम, अन्य वेळी चार आणि मध्यरात्रीनंतर १ ते सकाळी ६ पर्यंत काहीच नाही. रविवार आणि रमझानसाठी निराळे वेळापत्रक. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे सुसंगत आहे. गर्दीच्या वेळी रस्त्याची जागा दुर्मीळ असते. दुर्मीळ वस्तूला किंमत लावली, की ज्याला थांबणे शक्य आहे तो थांबतो.

प्रश्न आहे तो ज्याला थांबणे शक्य नाही त्याचा. कचेरीची वेळ कर्मचारी ठरवत नाही. दुबईतील भाडी न परवडणारी असंख्य कुटुंबे, ज्यांत भारतीयांची संख्या मोठी आहे, शेजारच्या शारजामध्ये राहतात आणि रोज ‘ई-११’ च्याच अल इतिहाद रोड या भागातून दुबईत येतात. मेट्रो दुबईच्या हद्दीत थांबते. शारजातून येणाऱ्यास बस किंवा मोटार हेच पर्याय. चार कमानींखालून गर्दीच्या वेळी जाणाऱ्याला पूर्वी दिवसाला जाऊन-येऊन ३२ दिरहॅम पडत, ते नव्या दराने ४८ झाले. वरिष्ठ अधिकाऱ्याला हा आकडा जाणवणारही नाही. मध्यम पगाराच्या लेखापालाला तो महिन्याच्या हिशेबात जाणवतो. शिवाय ‘सालिक’ आता केवळ वाहतूक नियमनाचे साधन राहिलेले नाही. २०२२ मध्ये तिची कंपनी होऊन शेअर बाजारात नोंदणी झाली. भागधारकांचे हित गाड्या अधिकाधिक जाण्यात असते, तर शहराचे हित त्या कमी होण्यात. हे दोन्ही हेतू एकाच कमानीवर टांगलेले आहेत.

या रस्त्याची आणखी एक किंमत आहे आणि ती पैशांत मोजता येत नाही. शेख झायेद रोड शहराची दोन टोके जोडतो, पण दोन बाजू तोडतो. बहुतेक भागांत बारा वा त्याहून अधिक मार्गिका आणि ताशी १०० ते १२० किलोमीटरची वेगमर्यादा असलेला हा प्रवाह पायी ओलांडणे अशक्य. मेट्रो येण्यापूर्वी समोर दिसणाऱ्या इमारतीत जायचे, तर बहुतेक ठिकाणी टॅक्सीने पुढच्या इंटरचेंजवरून वळून यावे लागे. मेट्रोचा सर्वांत मोठा, पण फारसा न सांगितला जाणारा उपकार म्हणजे तिच्या स्थानकांना जोडलेले वातानुकूलित पादचारी पूल. रेल्वेत न बसणाऱ्यांनाही त्यामुळे रस्ता ओलांडता येऊ लागला. तरीही दोन स्थानकांमधले अंतर भर उन्हात चालणे ही शिक्षाच आहे. २०१६ मध्ये खाडीचे पाणी समुद्रापर्यंत नेणारा कालवा पूर्ण झाला, तेव्हा बोटी खालून जाव्यात यासाठी हा महामार्ग उंच पुलांवर उचलण्यात आला. इच्छा असली की काय करता येते, याचे ते उदाहरण.

ज्यांच्यासाठी ती इच्छा उशिरा जागी झाली, त्यांचा हिशेब पोलिसांच्या नोंदींत आहे. २०२३ मध्ये दुबईत निषिद्ध ठिकाणी रस्ता ओलांडताना आठ जणांचा मृत्यू झाला, ३३९ जखमी झाले आणि ४४ हजारांहून अधिक लोकांना दंड झाला. मार्च २०२५ पासून लागू झालेल्या संघीय वाहतूक कायद्यात, ताशी ८० किलोमीटर वा अधिक वेगमर्यादेचा रस्ता अशा रीतीने ओलांडल्यास किमान तीन महिने कैद, किमान १० हजार दिरहॅम दंड अथवा यांपैकी एक अशी तरतूद आहे. वेगवान रस्त्यावर उतरणे आत्मघातकी आहे, यात वाद नाही. पण ४४ हजार लोक एका वर्षात तोच गुन्हा करत असतील, तर तो स्वभावाइतकाच रचनेचाही दोष मानावा लागतो. पायी चालणारा माणूस बहुधा तोच असतो ज्याच्याकडे मोटार नाही. शेख झायेद रोडलगतच्या अल कूझसारख्या भागांत कामगारांच्या छावण्या आहेत. मनोरे बांधणारे हात याच रस्त्याने बसमधून ये-जा करतात.

दुबईच्या प्रशासनाला याचे भान आले आहे, हेही नमूद केले पाहिजे. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या २०४० च्या नगर आराखड्यात ५८ लाख लोकसंख्या गृहीत धरून रहिवाशांच्या दैनंदिन गरजा २० मिनिटांच्या अंतरात भागवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये पादचाऱ्यांसाठी साडेसहा हजार किलोमीटरच्या पदपथांचे जाळे आणि ११० पूल व भुयारी मार्ग यांची योजना मांडण्यात आली. मेट्रोच्या ३० किलोमीटरच्या ब्ल्यू लाइनचे कंत्राटही त्याच महिन्यात दिले गेले. वर्षातून एकदा, २०१९ पासून, शेख झायेद रोड काही तास गाड्यांना बंद करून धावणाऱ्यांना खुला केला जातो आणि २०२३ पासून तेथे दोन लाखांहून अधिक लोक उतरले आहेत. पायी चालण्याची हौस या शहरात आहे. उणीव जागेची आहे.

निसर्गानेही एक इशारा दिला. १६ एप्रिल २०२४ रोजी दुबई विमानतळावर सुमारे १४२ मिलिमीटर पाऊस पडला. तेथील वर्षाची सरासरी ९५ च्या आसपास आहे. शेख झायेद रोडवर गाड्या तरंगत होत्या आणि रेड लाइनची चार स्थानके काही आठवडे बंद ठेवावी लागली. वाळवंटात पावसाच्या निचऱ्याची वाहिनी ही अनावश्यक बाब मानली गेली होती. डांबर आणि काँक्रीटने झाकलेली वाळू पाणी पीत नाही, हे त्या दिवशी कळले. दोन महिन्यांतच ३० अब्ज दिरहॅमची निचरा योजना जाहीर झाली. ती २०३३ पर्यंत पूर्ण व्हायची आहे. ज्या शहराचा सगळा भार एका पट्ट्यावर असतो, ते शहर एका पावसाने थांबते, हा त्यातील धडा.

आणि तरीही संघराज्याची जुनी सवय सुटलेली नाही. २०२५ च्या अखेरीस २०३० पर्यंतच्या १७० अब्ज दिरहॅमच्या वाहतूक योजना मांडण्यात आल्या. त्यात अल इतिहाद रोडवर सहा नव्या मार्गिका आणि १२० किलोमीटर लांबीचा, बारा मार्गिकांचा चौथा संघीय महामार्ग आहे. अबुधाबी ते दुबई अर्ध्या तासात जाणाऱ्या वेगवान रेल्वेची घोषणाही जानेवारी २०२५ मध्ये झाली आहे. दोन्ही एकत्र आल्यास प्रवासी कशाकडे वळतील, हे शेवटी स्थानकापासून घरापर्यंतचा शेवटचा मैल कसा बांधला जातो यावर अवलंबून राहील. चौथ्या महामार्गाच्या कडेला पुन्हा वसाहतींना परवानगी मिळाली, तर पाचव्याची मागणी ठरलेलीच.

मुंबईकरांनी या प्रवासाकडे कौतुकाने पाहण्यापेक्षा चिकित्सकपणे पाहिले पाहिजे. दुबईने नोव्हेंबर २०२४ मध्ये मोटारींवरील पथकराच्या कमानी वाढवल्या. त्याच्या महिनाभर आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर महाराष्ट्र सरकारने मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा पथकर माफ केला. मुंबईतील नाक्यांचा पथकर उड्डाणपुलांच्या खर्चासाठी होता, कोंडी नियमनासाठी नव्हता. त्यामुळे दोन्ही निर्णयांची सरळ तुलना करता येत नाही, हे खरे. पण दिशा बोलकी आहे. ज्या शहराकडे वाळवंटभर मोकळी जमीन आणि मुबलक पैसा होता, त्यालाही रस्ते रुंद करून कोंडीतून सुटका झाली नाही. जमीनही नाही आणि पैसाही मोजका, अशा शहराने तोच मार्ग पुन्हा चालून पाहण्यात काय हशील?

शेख झायेद रोडने दुबई घडवली, हे कोणी नाकारणार नाही. वाळूत उभ्या केलेल्या एका सरळ रेषेने व्यापार आणला, माणसे आणली, जगाचे लक्ष वेधले. आता त्या रेषेला आडव्या रेषांची गरज आहे. पूल, पदपथ, सावली आणि शारजापर्यंत पोहोचणारी रेल्वे. किती मार्गिका वाढल्या हा हिशेब दुबईने चार दशके चोख ठेवला. किती माणसांना त्या सुखरूप ओलांडता येतात, हा हिशेब तेथे आता कुठे सुरू झाला आहे.